पांढऱ्या उंदरांचे डोळे आणि चिमूटभर हळद

दोस्ता, एक कोडं घालू?

असं काय आहे, जे चिमूटभर दिलं तर मदत करतं आणि पाचपट दिलं तर चक्क काम बिघडवतं?

मीठ? छान उत्तर! पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी आहे. तेही तुझ्या घरच्या मसाल्याच्या डब्यातच असतं. पिवळंधमक! हात लावला की बोटं पिवळी. शर्टावर सांडलं की घरात आरडाओरडा!

बरोब्बर! हळद!

आणि हे कोडं सोडवायला मदत कुणी केली, माहितीये? उंदरांनी! रात्री डब्यामागे खुडबुड करणाऱ्या उंदरांनी नाही हं. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्याशुभ्र उंदरांनी. गुलाबी शेपटी, गुलाबी पंजे, लाल डोळे. त्यांच्या अंगात रंगद्रव्यच नसतं, म्हणून डोळ्यातलं रक्त आरपार दिसतं आणि डोळे लाल वाटतात.

आजची गोष्ट या लाल डोळ्यांचीच आहे. पण उंदरांच्या डोळ्यात डोकावण्याआधी तुझ्या डोळ्यात डोकावू या.

आरशासमोर उभं राहा. डोळ्याच्या मधोमध काळा ठिपका दिसतोय ना? तो ठिपका नाहीच मुळी! ते एक भोक आहे. उजेड आत जायची खिडकी! आणि त्या खिडकीच्या अगदी मागे बसलंय एक इवलंसं भिंग. वाटाण्यापेक्षा जरासं मोठं, दोन्ही बाजूंनी फुगीर, आणि काचेसारखं स्वच्छ.

ते कशाचं बनलंय? काचेचं नाही, प्लॅस्टिकचं नाही. पाण्याचं आणि प्रथिनांचं! हो, डाळीत आणि दुधात असतात त्याच जातीच्या पदार्थांचं.

आता ऐक गंमत. या भिंगात रक्ताची एकही नळी नाही. असती तर तुला सगळं धुरकट दिसलं असतं! भिंगाच्या आतल्या पेशी तर आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात. उजेडाच्या वाटेत काहीही आडवं यायला नको ना!

आणि सगळ्यात मोठं आश्चर्य! तुझे दुधाचे दात पडतात. नखं तू कापून टाकतेस किंवा टाकतोस, ती पुन्हा वाढतात. कातडीही सारखी नवी होत राहते. पण भिंगाच्या अगदी मध्यभागी जी प्रथिनं आहेत ना, ती तू आईच्या पोटात असतानाच तयार झाली होती. ती कधीच बदलली जात नाहीत. तुझी आजी सत्तर वर्षांची असेल, तर तिच्या भिंगाच्या मध्यभागी सत्तर वर्षांहून जुनी प्रथिनं आहेत! तिच्या जन्माआधीची!

एवढी वर्षं टिकायचं म्हणजे सोपं काम नाही. प्रथिनं हळूहळू थकतात. एकमेकांना चिकटतात. त्यांच्या गुठळ्या होतात. मग काय होतं, ते तुला तव्यावर बघता येईल. कच्च्या अंड्यातला पातळ भाग आरपार दिसतो. तापल्या तव्यावर टाकला की क्षणात पांढराशुभ्र! त्यातली प्रथिनं उलगडली आणि एकमेकांत गुंतली, म्हणून उजेडाची वाट अडली. भिंगात असंच काहीसं होतं, फक्त तव्याशिवाय आणि वर्षानुवर्षं घेऊन. यालाच म्हणतात मोतीबिंदू.

तुझ्या आजी-आजोबांपैकी कुणाचं तरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंच असेल. धुकट झालेलं भिंग काढून डॉक्टर तिथे नवं, कृत्रिम भिंग बसवतात.

आता ओळख बघू. भिंग धुकट करणारा एक पदार्थ अगदी गोड आहे. कोणता?

साखर!

थांब, थांब! हातातला लाडू खाली ठेवू नकोस. मी पूर्ण गोष्ट सांगते.

1935 साली अमेरिकेत हेलन मिचेल नावाच्या संशोधिकेने पांढऱ्या उंदरांना एक विचित्र जेवण दिलं. त्यात दुधातली साखर खच्चून भरलेली होती. काही आठवड्यांनी उंदरांकडे बघते तर काय! कोवळ्या वयाच्या उंदरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू! लाल डोळ्यांच्या मधोमध पांढरे ठिपके!

दुधातली साखर म्हणजे दोन साखरांची जोडगोळी असते. एक ग्लुकोज, दुसरी गॅलॅक्टोज. पोटात गेल्यावर जोडगोळी तुटते आणि दोघी वेगळ्या होतात. खोडी काढली होती ती या गॅलॅक्टोजने.

पण कशी? हे कोडं सोडवायला पुढे कित्येक वर्षं लागली. जिन किनोशिता या अमेरिकी शास्त्रज्ञाने ते फार सुंदर उलगडलं.

भिंगाच्या पेशीत एक विकर असतं. विकर म्हणजे शरीरातला छोटासा कारागीर. एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करणं, एवढंच त्याचं काम. या कारागिराचं नाव आहे आल्डोज रिडक्टेज. नाव पाठ नाही झालं तरी चालेल! गॅलॅक्टोज भिंगात शिरलं की तो त्याला पकडतो आणि त्याचं रूप बदलून टाकतो. नव्या रूपाचं नाव गॅलॅक्टिटॉल.

आणि इथेच फजिती होते. साखर आत आली होती आरामात. पण नव्या रूपात तिला पेशीच्या भिंतीतून बाहेर पडता येत नाही! ती आत साठत जाते, साठत जाते.

तू खिरीसाठी मनुका भिजत घातलेल्या बघितल्या आहेस? वाळक्या, सुरकुतलेल्या मनुका तासाभरात टम्म फुगतात. का? त्यांच्या आत भरपूर साखर असते आणि ती बाहेरचं पाणी आत ओढते. भिंगाच्या पेशीत अगदी हेच घडतं. अडकलेली साखर पाणी ओढते. पेशी फुगतात, तिथली शिस्त मोडते, काही फुटतातही. झालं! भिंग धुकट.

आता तू विचारशील, मग मी रोज दूध पिते-पितो त्याचं काय?

चल, गणित करू. प्रयोगातल्या उंदरांच्या खाण्यात 30 टक्के गॅलॅक्टोज असतं. शंभर ग्रॅम वजनाचा वाढता उंदीर दिवसाला दहा-बारा ग्रॅम खातो. म्हणजे त्याच्या पोटात साधारण तीन ग्रॅम गॅलॅक्टोज जातं. तुझं वजन तीस किलो असेल, तर तू तीनशे उंदरांएवढं! तुला तेवढीच साखर दुधातून मिळवायची, तर रोज जवळजवळ दोनशे कप दूध प्यावं लागेल!

पी बघू!

शिवाय तुझं यकृत गॅलॅक्टोजचं झटपट ग्लुकोज करून टाकतं. फार थोडी बाळं अशी जन्मतात की त्यांच्या शरीराला हे जमत नाही. त्यांना दूध सोसत नाही आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. डॉक्टरांना वेळेवर कळलं आणि दूध बंद केलं, तर सुरुवातीचा धुकटपणा निवळूही शकतो. तुझ्या दुधाच्या पेल्याला मात्र काहीच धोका नाही!

हा कारागीर सगळ्या प्राण्यांत सारखाच कामसू असतो, असं वाटतंय का तुला? मुळीच नाही! प्रयोगशाळेत दोन तऱ्हांचे उंदीर असतात. मोठा तो रॅट, आणि मुठीत मावणारा तो माऊस. दिसायला भावंडं! पण रॅटला साखरेने मोतीबिंदू पटकन होतो आणि माऊसला सहसा होत नाही. का? माऊसच्या भिंगात हा कारागीर नावापुरताच असतो.

मग 1995 साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी एक भन्नाट युक्ती केली. त्यांनी असे माऊस तयार केले, ज्यांच्या भिंगात हा कारागीर भरपूर तयार होईल. आणि मग त्यांना खायला घातलं गॅलॅक्टोज. काय झालं असेल?

मोतीबिंदू! चोर रंगेहाथ सापडला! मला ही युक्ती इतकी आवडते की ती वाचताना मी टाळी वाजवली होती.

उंदरांच्या खाण्यावरून आणखी एक मजा आठवली. उंदीर नव्या पदार्थाला फार बिचकतो, बरं का. अनोळखी खाऊ आधी हुंगतो, कणभर चाखतो, वाट बघतो. पण शिकागोमध्ये अँथनी स्क्लाफानी नावाचा एक विद्यार्थी उंदरांवर काम करत होता. त्याने एकदा उंदीर टेबलावर सोडला. तिथे कुणीतरी रंगीबेरंगी गोड सीरिअलचा वाडगा विसरलं होतं. उंदीर सरळ तिकडे! ना हुंगणं, ना बिचकणं. बकाबका खायला सुरुवात!

पुढे 1976 साली स्क्लाफानीने उंदरांना दुकानातलाच खाऊ देऊन बघितला. चॉकलेटची बिस्किटं, चीज, शेंगदाण्याचं लोणी, गोड आटवलेलं दूध. नेहमीचं पौष्टिक खाणंही शेजारीच ठेवलं होतं! तरी उंदीर खाऊकडेच धावले आणि दोन महिन्यांत गुबगुबीत झाले. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत, खाण्यामुळे शरीराचं तंत्र कसं बिघडतं हे बघायला ही पद्धत वापरतात.

चल आता हैदराबादला!

हैदराबादमध्ये राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपण काय खावं, किती खावं, त्याने काय होतं, याचा अभ्यास करणारी मोठी संस्था. ती सुरू झाली 1918 साली, पण हैदराबादला नाही. निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरला! रॉबर्ट मॅकॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी ती सुरू केली. हैदराबादला ती आली 1958 मध्ये.

या मॅकॅरिसनसाहेबांनी उंदरांसाठी काय काय शिजवायला लावलं असेल, ओळख! त्यांनी उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या वेगवेगळ्या लोकांचं जेवण दिलं. शीख जेवण, पठाणी जेवण, बंगाली जेवण, मद्रासी जेवण... आणि मराठा जेवणसुद्धा! शंभरेक वर्षांपूर्वी कुन्नूरच्या डोंगरात उंदीर मराठा जेवण जेवत होते!

मग त्यांनी उंदरांची वजनं केली. पहिला नंबर शीख जेवणाचा. त्यात गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ, ताजी भाजी असं सगळं होतं. दुसरा पठाणी. आणि तिसरा नंबर मराठा जेवणाचा! शेवटी राहिले मद्रासी जेवणाचे उंदीर. त्यांच्या वाट्याला मुख्यतः पॉलिश केलेला पांढरा भात आला होता, दूध आणि भाजी अगदी कमी. भाताचा कोंडा काढला की त्यातली कितीतरी जीवनसत्त्वं जातात, हे तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं.

तर या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना पुढे एक प्रश्न पडला. साखरेने होणारा मोतीबिंदू आपल्या स्वयंपाकघरातली हळद थोपवू शकेल का?

हळदीचा पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो, त्या पदार्थाचं नाव करक्युमिन. शंभर ग्रॅम हळदीत तो साधारण तीन ग्रॅम असतो, कधी कमी, कधी जास्त. आपल्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद तर जास्त करक्युमिनसाठी नावाजलेली आहे.

करक्युमिनला तू आत्ता भेटू शकतेस-शकतोस! पांढऱ्या कागदावर ओली हळद फास आणि वाळू दे. मग बोटाने साबणाचं पाणी लाव. कागद लालभडक! आता त्यावर लिंबू पिळ. परत पिवळा! म्हणून तर हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो. आणि तो डाग घालवायचाय? कपडा उन्हात वाळव. ऊन करक्युमिनला मोडून टाकतं.

करक्युमिनची दुसरी सवय अशी की त्याला पाण्यात विरघळायला आवडत नाही, तेलात आवडतं. फोडणीच्या तेलात हळद टाकली की कसा झळाळता रंग चढतो, ते आठव!

हां, तर प्रयोग. त्याचा अहवाल 2003 साली छापून आला.

एकवीस दिवसांची पांढरी पिल्लं घेतली. त्यांचे पाच गट केले. अ गटाला साधं, पौष्टिक खाणं. ब गटाला त्याच खाण्यात 30 टक्के गॅलॅक्टोज. क गटाला गॅलॅक्टोज, आणि त्यात अगदी थोडं करक्युमिन. ड गटाला गॅलॅक्टोज, आणि क गटाच्या पाचपट करक्युमिन. आणि इ गटाला? गॅलॅक्टोज नाहीच! साधं खाणं आणि ड गटाएवढंच करक्युमिन.

अगदी थोडं म्हणजे किती, विचार की! किलोभर खाण्यात 20 मिलिग्रॅम. उंदीर दिवसाला दहा ग्रॅम खातो, तर त्याच्या वाट्याला येतं 0.2 मिलिग्रॅम. साखरेच्या डब्यातला एक दाणा उचल. त्या एका दाण्याहूनही कमी!

चार आठवडे हे चाललं. शास्त्रज्ञ उंदरांचे डोळे तपासत होते. कशाने, माहितीये? स्लिट लॅम्पने! डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हनुवटी टेकवून आपण ज्या यंत्रात बघतो, त्याच यंत्राने! डोळ्यात उजेडाची बारीक पट्टी सोडायची आणि भिंग किती धुकट झालंय ते बघायचं.

आता श्वास रोखून धर. निकाल!

अ गट, भिंग स्वच्छ. ब गट, मोतीबिंदू. अपेक्षेप्रमाणेच.

क गट, थोडंसं करक्युमिन खाणारा. मोतीबिंदू उशिरा आला आणि हळूहळू वाढला. साखरेच्या दाण्याहून कमी करक्युमिनने हे केलं! शाब्बास!

मग ड गटात तर पाचपट करक्युमिन. तिथे मोतीबिंदू पाचपट उशिरा यायला हवा, हो ना?

नाही!

तो जरासा उशिरा सुरू झाला खरा. पण मग भरभर वाढला. ब गटापेक्षाही भरभर!

थांब, हे पुन्हा वाच. जास्त करक्युमिनने काम बिघडलं!

असं का झालं असेल? भिंगाची तपासणी केल्यावर एक धागा मिळाला. चिरलेलं सफरचंद थोड्या वेळाने तपकिरी पडतं ना? हवेतल्या ऑक्सिजनमुळे. शरीराच्या आतही ऑक्सिजन अशीच नासधूस करू शकतो. त्याच्यापासून वाचवणारे पदार्थही शरीरात असतात. थोडं करक्युमिन अशा रक्षकाचं काम करत होतं. त्या भिंगांत नासधूस कमी होती आणि प्रथिनांच्या गुठळ्याही कमी. पण साखर वाढलेली असताना जास्त करक्युमिन गेलं, तेव्हा नासधूस वाढलेली दिसली. म्हणजे रक्षकच दंगा करू लागला!

आणि आता कळेल, तो इ गट कशाला होता! तू मनात म्हटलं असशील, ज्यांना गॅलॅक्टोजच दिलं नाही त्यांना करक्युमिन खायला घालून काय मिळणार? अगं, अरे, तोच तर माझा सगळ्यात लाडका गट! तो नसता तर आपण घाबरून म्हटलं असतं, ‘बाप रे, एवढं करक्युमिन म्हणजे विषच!’ पण इ गटाची भिंगं अगदी ठणठणीत राहिली. म्हणजे तेवढं करक्युमिन एकटं निरुपद्रवी. साखरेचा पूर आलेला असताना जास्त झालं, तरच गडबड. हे सांगायला फक्त इ गटच हवा होता.

गोष्ट इथे संपत नाही. गॅलॅक्टोजचा पूर तसा क्वचितच येतो. माणसांना जास्त त्रास होतो तो मधुमेहाने. मधुमेहात रक्तातलं ग्लुकोज वाढतं आणि तोच कारागीर भिंगात त्याचंही रूप बदलून टाकतो. म्हणून याच संस्थेने पुढचा प्रयोग मधुमेह झालेल्या उंदरांवर केला. 2005 साली त्याचा निकाल छापला. यावेळी करक्युमिन होतं आणि सोबत सरळसरळ हळदीची पूडही होती. किलोभर खाण्यात पाच ग्रॅम हळद, म्हणजे एखादा छोटा चमचा.

काय दिसलं? उंदरांच्या रक्तातली साखर कमी झालीच नाही! होती तेवढीच राहिली. तरीही मोतीबिंदू सावकाश वाढला! पूर तसाच होता, पण भिंगातली प्रथिनं एकमेकांना कमी चिकटली.

आणि वेगळं काढलेलं करक्युमिन आणि साधी हळद यांची शर्यत कुणी जिंकली? साध्या हळदीने! हळदीत करक्युमिनशिवाय आणखी कितीतरी पदार्थ असतात ना!

या शास्त्रज्ञांनी मग आवळाही आणला. आवळ्याचा तुरट घोट घेतल्यावर जीभ आखडते ना, तसल्या तुरट पदार्थांनी त्या आल्डोज रिडक्टेज कारागिराला चांगलंच रोखलं. मधुमेही उंदरांना आवळा दिला, तेव्हा त्यांचाही मोतीबिंदू लांबला. मीठ लावलेली आवळ्याची फोड खाताना हे नक्की आठव!

तर मग आजीला वाटीभर हळद खायला द्यायची का?

अजिबात नाही! ड गट विसरलास? विसरलीस? शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. हे किती खरं आहे, ते बंगळुरूच्या एका प्रयोगात दिसलं. करक्युमिन खाल्लं तरी पोटातून रक्तात फारसं पोचतच नाही. 1998 साली तिथल्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी करक्युमिनसोबत काळ्या मिऱ्यातला तिखट पदार्थ दिला. उंदरांच्या रक्तात पोचणारं करक्युमिन अडीचपट झालं. आणि माणसांच्या रक्तात? साधारण वीसपट! तोच पदार्थ, तेच मिरं, आणि केवढा फरक!

म्हणून उंदरांवर जमलेली गोष्ट माणसांवर पुन्हा तपासावी लागते, सावकाश, काळजीपूर्वक. मोतीबिंदू झालेल्या माणसावर आजही खरा उपाय ऑपरेशन हाच आहे. आमटीतली, दुधातली हळद छानच आहे, ती खा. पण दुकानात मिळणाऱ्या हळदीच्या तीव्र गोळ्या कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मोठ्या माणसांनीही नाही. हे घरात सांगशील?

एक गोष्ट लपवणार नाही. तुला प्रश्न पडला असेल, शेवटी त्या उंदरांचं काय झालं? भिंगाच्या आतली प्रथिनं तपासायची, तर भिंग बाहेर काढावं लागतं. प्रयोगाच्या शेवटी उंदरांचा जीव जातो. मला याचं वाईट वाटतं, आणि तुलाही वाटलं तर ते बरोबरच आहे. आपल्याकडे यासाठी कायदा आहे. प्रयोगाआधी एक समिती बसते. खरंच एवढे उंदीर लागतात का? त्यांना वेदना होणार नाहीत ना? पिंजरा, पाणी, उजेड नीट आहे ना? हे सगळं ती विचारते. आणि आता काही प्रयोग जिवंत प्राण्याशिवायही होतात. खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणतात, जे एरवी फेकूनच दिले असते. त्यांतलं भिंग बशीतल्या द्रवात ठेवतात, त्यात साखर घालतात आणि ते धुकट होताना बघतात. असे प्रयोग वाढावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझी पाळी! समज, तुला चिंचेचा किंवा कोकमाचा असा प्रयोग करायचा आहे. बशीत ठेवलेली भिंगं आहेत, साखर आहे, कोकमाचा रस आहे. किती गट करशील? कुठल्या बशीत काय घालशील? कागदावर चौकोन आखून लिही आणि मासिकाच्या पत्त्यावर आम्हाला पाठव. पाठवण्याआधी एकदा तपासून बघ, साखर न घालता नुसतं कोकम घातलेली बशी ठेवली आहेस ना?